पोटाला न पटलेली धवलक्रांती

कोल्हापुरात एखाद्यानं मटण सोडलं तर लोक समजून घेतात. माळ घातली असेल म्हणतात, नाहीतर डॉक्टरनं सांगितलं असेल म्हणतात. दारू सोडली तर कौतुक करतात आणि पुन्हा कधी धरणार याची वाट बघतात. पण ‘मला दूध पचत नाही’ असं चारचौघांत म्हणून बघा. समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग दंडाकडे, आणि शेवटी विचारतो, ‘तुमचं मूळ गाव कुठलं म्हणायचं?’

त्यांचंही बरोबर आहे. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळता पेला तसाच हातात देतात, तिथं दुधाचा पेला म्हणजे रहिवासी दाखलाच. तो उभ्यानं प्यायचा, एका दमात संपवायचा, आणि मिशीला लागलेला फेस लगेच पुसायचा नाही. लोकांना दिसला पाहिजे. त्या कट्ट्यावर मीही जातो. बरोबरच्यांच्या चपला, पिशव्या आणि मोबाइल सांभाळायला कुणीतरी लागतंच.

आमचे मामा उमेदीच्या काळात तालमीत होते. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि निकाल दिला, ‘दूध कुनाला बादत न्हाई. तूच दुधाला बादला असशील.’

मामांना शास्त्र सांगायची सोय नाही, म्हणून ते वाचकांना सांगतो. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. मूल अंगावर पीत असतं तोवर हे विकर भरपूर असतं. नंतर बहुतेकांच्या बाबतीत शरीर हे खातं हळूहळू बंद करत आणतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची हीच गत आहे. म्हणजे मोठेपणी तांब्याभर दूध पिऊन ढेकर देणारा माणूस हा जगाच्या हिशेबात अपवाद. काही हजार वर्षांपूर्वी गुरं पाळणाऱ्या टोळ्यांमध्ये एक जनुकीय बदल टिकून राहिला, त्याचे हे वारसदार. आपल्या देशात असे वारसदार उत्तरेला जास्त आणि दक्षिणेला कमी. महाराष्ट्र नेहमीप्रमाणे मध्ये. त्यामुळे एकाच पंगतीत बासुंदीच्या वाट्यांवर वाट्या रिचवणारा आणि पहिल्याच वाटीत घामाघूम होणारा मांडीला मांडी लावून बसलेले असतात, आणि वाढपी दोघांनाही सारखाच आग्रह करतो.

न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात, वायू तयार करतात, साखर आपल्याबरोबर पाणी ओढून आणते, आणि पुढचं वर्णन दिवाळी अंकात छापत नाहीत.

याची रीतसर तपासणी असते. उपाशीपोटी जायचं. पंचवीस ते पन्नास ग्रॅम लॅक्टोज पाण्यात ढवळून देतात, ते प्यायचं आणि मग दोन-तीन तास ठरावीक वेळानं एका नळीत फुंकर मारायची. जंतूंनी तयार केलेला हायड्रोजन रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात. यंत्रावरचा आकडा सुरुवातीच्या पातळीपेक्षा वीस पीपीएमनं वर गेला की निदान पक्कं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात बाकावर आम्ही पाचजण, सगळ्यांच्या पोटात पन्नास ग्रॅम, आणि मजल्यावर स्वच्छतागृह एक. कुणीही कुणाशी बोलत नव्हतं, पण त्या दाराचा मार्ग मोकळा राहील अशा बेतानं प्रत्येकजण किंचित तिरका बसला होता. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा दूध संघाचं कॅलेंडर होतं. त्यावर बाळकृष्ण हंडीत हात घालून प्रसन्न हसत होता. शेजारचे गृहस्थ त्याच्याकडे बराच वेळ बघून एवढंच म्हणाले, ‘लोण्यात लॅक्टोज कमी असतं. त्याला काय जातंय हसायला?’

दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी हे प्रकरण निराळं, बरंच गंभीर, आणि त्यात विनोदाला जागा नाही. माझं नुसतं विकर कमी.

निदान झालं की सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला देशी गाईचा. हल्ली हे दूध काचेच्या बाटलीत येतं, बाटलीवर वशिंड असलेल्या गाईचं चित्र असतं, आणि महिन्याचं बिल बघितलं की आपण गाईची फी भरतोय असं वाटतं. या दुधाचं वैशिष्ट्य एका प्रथिनात असतं. साखर तीच आणि तेवढीच. दुसरा सल्ला शेळीचा, तिसरा उंटिणीचा. तेही मिळतं, कच्छमधल्या उंटिणींचं दूध अमूलनं २०१९ मध्ये बाटलीत भरून बाजारात आणलं. पण गाय घ्या, म्हैस घ्या, शेळी किंवा उंटीण घ्या, शंभर मिलिलिटरमागे लॅक्टोज साधारण चार ते पाच ग्रॅम असतंच. जनावर बदलून उपयोग नाही. हे सांगितलं की सल्लागार दुखावतात आणि शेवटचं शस्त्र काढतात: ‘गांधीजी शेळीचंच दूध प्यायचे!’

प्यायचे. पण कसे प्यायला लागले ते सल्लागारांना ठाऊक नसतं. महात्माजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, दूधच सोडलं होतं. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात वणवण करताना त्यांचा मुख्य आहार शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू असा होता. देशात असहकाराची चळवळ १९२० साली सुरू झाली. त्यांच्या आतड्यांनी ती दोन वर्षं आधीच पुकारली. आमांशानं माणूस अंथरुणाला खिळला. मुंबईला डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय मी तुमचं शरीर पुन्हा उभं करू शकत नाही. हे म्हणाले, माझी प्रतिज्ञा आहे. तेव्हा शेजारी उभ्या कस्तुरबा म्हणाल्या, की प्रतिज्ञा घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? साम्राज्याला न जुमानणारा माणूस या एका प्रश्नापुढे नमला. घरातल्या बाईनं काढलेल्या पळवाटेला देशातल्या कुठल्याच बॅरिस्टरला उत्तर सुचलेलं नाही.

मात्र ते दूध त्यांच्या मनाला कायम टोचत राहिलं. दुधाइतकाच पोषक आणि पचायला तितकाच हलका असा वनस्पतिजन्य पर्याय कुणाला माहीत असेल तर कळवावा, आणि पुस्तकात वाचून नव्हे, अनुभवानं माहीत असेल तरच कळवावा, असं आवाहन त्यांनी आत्मकथेत करून ठेवलं आहे. शंभर वर्षं होत आली. आता अनुभव नसलेल्यांनीही कळवायला सुरुवात केली आहे.

पर्याय शोधायचं त्यांनी सोडलं नाही. १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. तेव्हा सोयाबीन ही नवलाईची चीज होती. आज वर्ध्यापासून लातूरपर्यंत शिवारं सोयाबीननं भरलेली असतात, आणि भाव पडला म्हणून शेतकरी डोक्याला हात लावून बसलेला असतो. शेंगदाण्यावरही पुढे काम झालं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं शेंगदाण्याची प्रथिनं म्हशीच्या दुधात मिसळून ‘मिल्टोन’ नावाचं पेय तयार केलं होतं. हेतू असा की आहे तेवढं दूध जास्त लोकांना पुरावं. आमचे गवळी हाच हेतू कुठल्याही संस्थेच्या मदतीशिवाय पिढ्यान् पिढ्या साध्य करत आलेले आहेत.

सोयाचं दूध घरी होतं. दाणे रात्रभर भिजवायचे, चोळून सालं काढायची, वाटायचे, गाळायचे आणि चांगलं उकळायचं. वाटताना दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की त्यातलं एक विकर जागं होतं आणि स्वयंपाकघरात कच्च्या पावट्यांचा वास दरवळतो. वाटताना पाणी उकळतं घातलं तर वास बराच कमी येतो. ही युक्ती कळेपर्यंत आमच्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांनी ‘काही जळतंय का?’ अशी चौकशी करून झाली होती. बायको भांड्यात डोकावून म्हणाली, ‘फोडणी कधी द्यायची याला?’

पण सोयाची खरी मौज पुढे आहे. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज अशा साखरा असतात, आणि त्या फोडणारं विकर कुणाच्याच आतड्यात नसतं. पैलवानाच्याही नाही. अख्ख्या दाण्याचं सोयादूध पाजून एकदा मामांना माझ्या पंगतीला बसवलं. रात्री नऊच्या सुमारास ते अंगणात शतपावली घालायला बाहेर पडले आणि बातम्या संपल्या तरी आत आले नाहीत. उरलेल्या चोथ्याची थालीपिठं मात्र उत्तम होतात. सोयादूध करावं ते थालीपिठांसाठी, असं माझं मत आहे.

बदामाचं दूध ही परदेशी चूष आहे असं समजणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरच्या तालमीत जावं. दगडी कुंडीत भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी लाकडी दांड्यानं घोटून घोटून थंडाई करतात. तासभर घोटणारा तोही पैलवानच. थंडाई पिऊन होणाऱ्या ताकदीतली निम्मी ती घोटण्यातच कमावलेली असते, असा मला जुना संशय आहे. दुकानातल्या खोक्यातलं बदामदूध यापुढे फारच सौम्य. मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तर पहिलं नाव पाण्याचं असतं, बदामाची टक्केवारी बहुधा एका अंकात असते, आणि मग घट्टपणासाठी गोंदांची यादी. चारचौघांत सांगायला प्रथिनं नाहीतच. पोटाला मात्र ते बाधत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. बाधायला आत काही असावं लागतं.

याउलट काजूचं. काजू आपल्या गोव्याचा, सावंतवाडीचा, घरचाच. भिजवून वाटला की गाळायचीही गरज नाही, साय यावी असं दाट दूध. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात नाजूक आतड्यांच्या लोकांसाठी कुठल्या पदार्थात वायू करणाऱ्या साखरा किती, याच्या याद्या केल्या आहेत. त्या यादीत काजू लाल शेऱ्यात. आमच्या पोटानं हा शेरा विद्यापीठाला न विचारता दिला होता.

ओट्सच्या दुधाचं मूळ स्वीडनमध्ये, लुंड विद्यापीठात. रिकार्ड ओस्टे नावाच्या शास्त्रज्ञानं १९९०च्या दशकात विकरं वापरून ओट्समधल्या पिष्टाची साखर केली. म्हणून त्या दुधाला आपोआप गोडवा येतो. घरी आपल्याकडे विकर नसतं, मिक्सर असतो. मिक्सरमधून जे निघतं ते खळीच्या जवळचं असतं. जास्त फिरवलं तर कपडे कडक होतील, आणि गरम केलं तर चमचा उभा राहील. तयार खोक्यातलं बरं लागतं, पण त्याची किंमत बघून मी स्वीडनला जाऊन पिऊन येण्याचा खर्च काढून पाहिला.

हे सगळं एक वेळ जमतं. खरी परीक्षा चहाची आहे. मराठी माणसाला दूध कशासाठी लागतं? सकाळचा चहा, दहाचा चहा, कुणी आलं म्हणून चहा, कुणी येणार होतं आणि आलं नाही म्हणून चहा. बदामाचं दूध कडक चहात ओतलं की त्याच्या बारीक बारीक गुठळ्या होऊन तळाशी बसतात, आणि वर राहतं ते गढूळ पाणी. चहाचा आंबटपणा आणि उष्णता त्याला सोसत नाही. सोयादुधाचंही तेच, प्रथिनं साकळतात आणि कपात पनीर पोहायला लागतं. शहरातल्या कॉफीच्या दुकानांत मिळणाऱ्या खास खोक्यांत हे होऊ नये म्हणून क्षार घातलेले असतात. नारळाच्या दुधाचा चहा फाटत नाही, पण पहिल्या घोटाला वाटतं, आता यात आमसूल टाका आणि भातावर घ्या. ओट्सच्या दुधाचा चहा त्यातल्या त्यात चहासारखा दिसतो. दिसण्यावर जाऊ नये, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं ते याचसाठी.

एक सूचना सर्वांसाठी, दूध कुठलंही असो: आलं आधी पाण्यात खळखळून उकळू द्या आणि दूध नंतर घाला. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्यानं म्हशीचं दूधसुद्धा नासतं. मग गवळ्याला शिव्या बसतात. त्याला शिव्या द्यायला दुसरी कारणं पुरेशी आहेत.

आता नारळाकडे येतो, कारण इथं पोट शांत झालं. बायकोचं माहेर मालवणकडचं. सासरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘दूध चालत नाही’ हे सांगायला घसा खाकरला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘मगे काय झाला?’ आणि पुढ्यात तांदळाच्या शिरवळ्या, वर गुळाचा, वेलदोड्याचा नारळाचा रस. दुसऱ्या दिवशी रसातली खापरोळी. जेवणानंतर सोलकढी. कोकणात आणि गोव्यात म्हैस पाळणं जिकिरीचं. माड मात्र परसात उभा असतो, त्याला वैरण लागत नाही आणि तो शिंगं मारत नाही. फार तर डोक्यात नारळ टाकतो. त्यामुळे तिथल्या बायकांनी दुधाला पर्याय शोधला वगैरे काही नाही. त्यांनी नारळ खवला, वाटला, पिळला आणि त्यात सणवार साजरे केले. पहिला रस दाट, दुसरा पातळ. पातळ आधी उकळायचा, दाट शेवटी घालून नुसता गरम करायचा, नाहीतर फुटतो. एवढंच तंत्रज्ञान. खोक्यावर ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ असं छापून तिप्पट दाम लावायचं कुणाला सुचलं नाही, हे कोकणाच्या स्वभावाला धरूनच झालं. बेतानं घ्यावा लागतो, कारण चरबी भरपूर. पण वाटीभर रसानं मला कधी रात्री उठवलं नाही.

आणि मग एक दिवस कोल्हापुरात पांढरा रस्सा ओरपताना लक्षात आलं की हा पांढरेपणा कुठल्या म्हशीचा? मटणाचं अळणी पाणी, तीळ-खसखशीचं वाटण आणि नारळाचं दूध. दुधाच्या अभिमानानं छाती फुगवणाऱ्या गावाचा सगळ्यात लाडका पांढरा पदार्थ दुधाच्या थेंबाशिवाय होतो, आणि त्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवताना मला कुणी मूळ गाव विचारलेलं नाही. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी माझी वाटी पुन्हा भरली आणि म्हणाले, ‘गप पी.’

आता हिशेब. ज्यांचं विकर कमी आहे अशा बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक पेला दूध, जेवणाबरोबर घेतलं तर फारसं जाणवत नाही. घोटभर चहात दूध पडतं ते त्याच्या पाव भागाच्याही आत. माझं पोट या बहुतेकांत बसत नाही, तुमचं बसत असेल. तेव्हा हजारो रुपयांची खोकी आणण्याआधी अर्धा कप चहा पिऊन दोन तास घरी थांबून बघा. दही आणि ताक अनेकांना चालतं, कारण विरजणातले जंतू साखरेचा काही भाग आधीच फस्त करतात आणि उरलेली फोडायला पोटात मदतही करतात. तुपात लॅक्टोज नावापुरतंच. लॅक्टोजविरहित दूधही आता सर्रास मिळतं. कारखान्यातच विकर घालून साखर फोडलेली असते, त्यामुळे ते जरा गोड लागतं. त्याचा चहा फाटत नाही, साखर अर्धा चमचा कमी लागते आणि गवळ्याशी संबंधही राहतात. दूध या एकाच कारणानं सोडायचं असेल तर पर्यायांच्या गर्दीत मी याला पहिलं ठेवीन.

कॅल्शियमची काळजी करणाऱ्या आत्यांसाठी: गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात ते एकशे वीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या घरात. सगळं अंगी लागत नाही, पण आंबील, सत्त्व, भाकरी अशी कुठल्याही वाटेनं नाचणी पोटात गेली तर हाडं मोडून पडणार नाहीत. तीळ त्याहून वरचढ. आणि नागपंचमीला नागाला दूध पाजणाऱ्यांसाठी: साप दूध पीत नाही, ते त्याचं अन्नच नव्हे, तहानेनं व्याकूळ झाला तर पितो आणि मग त्रास भोगतो. या एका बाबतीत मला त्या प्राण्याबद्दल आपुलकी वाटते.

शेवटी यजमान मंडळींना एक विनंती. पाहुण्यानं ‘दूध नको’ म्हटलं तर त्याला साखर झालीय का, व्रत आहे का, की आमच्या घरचं चालत नाही का, हे विचारत बसू नका. ‘थोडंसंच घालते, कळणारसुद्धा नाही’ असं तर अजिबात म्हणू नका. त्याला कळतं, दोन तासांनी, एसटीत, दोन थांब्यांच्या मधोमध. आधणात आलं किसून टाका, पत्ती टाका, गाळा, वर लिंबू पिळा आणि द्या. बिस्कीट आपण दिलंत तर नको म्हणणार नाही.